गप्प बसणारी पेटी

आम्ही त्या बंद पडलेल्या खाणीत शिरलो ते सोनंनाणं शोधायला नाही. आत पावणेदोन किलोमीटरवर एक जुनी दगडी भिंत होती, तिच्यामागे तीस वर्षांचं पाणी तुंबलं होतं, आणि त्या पाण्याची पातळी दर पाच मिनिटांनी बाहेर कळवणारी एक पेटी आम्हाला तिथे बसवायची होती. ऐकायला किती सोपं! त्या पेटीने मला जे छळलं, ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

त्या भिंतीच्या खाली नव्वद मीटरवर नव्या खाणीचा सगळ्यात खोल थर होता. सोमवारी सकाळी सहाला तिथे काम सुरू व्हायचं होतं. पहिली पाळी चाळीस माणसांची, आणि त्या पाळीचा प्रमुख माझा दादा. वरच्या पाण्याला खडकातून वाट सापडली तर ते सगळं खालीच उतरणार होतं, आणि खालच्यांना ते कळणार होतं पाय भिजल्यावर.

याआधी दोनदा तिथपर्यंत टेलिफोनची तार ओढून झाली होती. दोन्ही वेळा छताचे दगड पडून ती तुटली, एकदा आठ दिवसांत, एकदा पाच. तार तुटली की टेलिफोन मुका. म्हणून मॅनेजरांच्या बैठकीत मी, खाणीची वायरलेसवाली, उठून म्हणाले होते, "तार नकोच. माझी पेटी तारेशिवाय बोलेल." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मॅनेजर म्हणाले, "रविवारपर्यंत बोलकी करून दाखवा. थर मात्र सोमवारी सुरू होणार, पेटी बोलो न बोलो."

आत जाणारे आम्ही तिघं. आबा हे निवृत्त मुकादम, जुन्या खाणीतला एकेक फाटा पायांनी ओळखणारे. मोजणीदार म्हणजे सहा फुटी काटकुळा माणूस. त्यांच्यासमोर 'साधारण अर्धा तास' म्हणण्याची सोय नव्हती, ते लगेच घड्याळ बघायचे. आणि मी. बाहेर होती वहिनी, दादाची बायको. ती दिवेखोली सांभाळायची. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावरचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, हे तिचं काम. जुन्या खाणीचं तोंड दिवेखोलीच्या मागेच वीस पावलांवर, म्हणून माझा रिसीव्हर आणि माझ्याशी बोलायचा हँडसेट तिच्या टेबलावर ठेवला, खालच्या थराच्या फोनशेजारी. पेटीचे टूं टूं मोजून वहीत लिहायचे, एवढं तिला सांगितलं होतं. खुणेच्या वर दर दहा सेंटिमीटर पाण्याला एक टूं.

"आणि नाही वाजली तर?" तिने विचारलं.

"वाजेल."

"मी विचारलं नाही वाजली तर."

"वहिनी, वाजेल म्हटलं ना!"

गुरुवारी सकाळी निघालो. आबांच्या पाठीवर सतरा किलोचं रीळ होतं. त्यावर वाटदोरी, म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ आणि वर नारिंगी प्लास्टिक. तिचं टोक दिवेखोलीच्या खिडकीखालच्या खुंटीला बांधायचं, आत जाताना दोरी सोडत जायचं, बाहेर येताना गुंडाळत यायचं. त्या खाणीत इतके फाटे होते की तिच्याशिवाय पाऊल टाकणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. आबांचा नियम कडक होता. "जेवढी नेली तेवढी परत आणायची. आत दोरी राहिली तर उद्या कोणीतरी तीच धरून भलतीकडे जातं. तिघंजण तसे गेलेत माझ्या डोळ्यांदेखत." यावर वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

पहिले चारशे मीटर बोगदा सरळ होता. तिथे साधी वॉकीटॉकीसुद्धा खणखणीत बोलली. पहिल्या वळणावर मेली. ते मला ठाऊकच होतं. वॉकीटॉकीची लहर आखूड असते, सरळ बोगद्यात ती भिंतींवर आपटत टॉर्चच्या उजेडासारखी लांब धावते आणि वळण आलं की उजेडासारखीच संपते. फार लांब लहर खडकातूनही आरपार जाते, पण ती पाठवायला शेताएवढी अँटेना लागते, आणि आम्हाला तर काही ठिकाणी पोटावर सरपटत जायचं होतं. म्हणून मी मधली निवडली होती, जुन्या घरगुती रेडिओवर 'मध्यम लहरी' लिहिलेलं असायचं ती. वळणापलीकडे दोरीजवळ बसकण मारली, पिशवीतून मध्यम लहरींचा हँडसेट काढला आणि बटण दाबलं.

"वहिनी, ऐकू येतंय?"

"शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं," ती म्हणाली. तिच्या आवाजातलं आश्चर्य मी कानात साठवून ठेवलं.

पुढे खाणीने आपले दात दाखवायला सुरुवात केली. छत इतकं खाली आलं की मोजणीदारांची घडी झाली. मग कमरेइतकं पाणी, बर्फासारखं. मग बारा मीटरची लोखंडी शिडी, तिची प्रत्येक पायरी गंजून पापडी झालेली. आबा आधी उतरले, खालून एकेक पायरी ठोकून सांगत राहिले, "ही धर. ही नको. ही अजिबात नको." पाऊण तास आम्ही त्या शिडीवर घालवला. मोजणीदार म्हणाले, एकेचाळीस मिनिटं. प्रत्येक थांब्यावर दोरीजवळ बसून मी वहिनीशी बोलत होते आणि प्रत्येक वेळी आवाज स्वच्छ! माझी छाती फुगत चालली होती. तारेशिवाय, दीड किलोमीटर, सात वळणं!

मग भिंत दिसली. काळा, शेवाळलेला दगड, आणि सांध्यांतून झिरपणाऱ्या पाण्याच्या बारीक चकाकत्या रेघा. पलीकडे किती वजन टेकून उभं आहे ते अंगाला जाणवत होतं. मी तरंगता मोजक वरच्या फटीतून पाण्यात सोडला, पेटी खडकाला ठोकली, चालू केली. टूं टूं टूं, आठ वेळा.

"आठ," वहिनीचा आवाज आला.

आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आम्ही बिस्किटं खाल्ली, आबांनी रीळ पाठीवर चढवलं आणि दोरी गुंडाळत आम्ही परत निघालो. बाहेर आलो तर वहिनी खिडकीत उभी.

"तुझी पेटी गप्प झाली."

"कधी?"

तिने वही पुढे केली. दोन दहाला आवाज बारीक, दोन वीसला आणखी बारीक, दोन पंचवीसपासून काही नाही. आम्ही भिंतीपासून बरोबर दोनला निघालो होतो. म्हणजे आमची पाठ वळताच बाईसाहेबांनी तोंड मिटलं होतं!

मी म्हणाले, ओल शिरली असणार. शुक्रवारी पुन्हा तीच वरात. पुन्हा घडी, पुन्हा गार पाणी, पुन्हा शिडी. वाटभर हँडसेट कानाला लावून होते, पेटीचा पत्ता नाही. भिंतीच्या शंभरेक मीटर अलीकडे ती बारीक आवाजात बोलायला लागली आणि त्याच मिनिटाला बाहेरून वहिनीही म्हणाली, "अगं, वाजतेय!" या गोष्टीचा मी तेव्हाच विचार करायला हवा होता. केला नाही. मी जवळ आले म्हणून मला ऐकू आली हे ठीक, पण वहिनी कुठे जवळ आली होती? डोकं तापलेलं असलं की समोरचं मुसळ दिसत नाही.

पेटी उघडली. आत थेंबभर ओल नव्हती. तरी बॅटरी बदलली, जोड नव्याने झाळले, फटी डांबराने लिंपल्या. पाणी आता नऊवर होतं. तासभर तिथेच बसून राहिलो, पेटी घड्याळासारखी वाजत राहिली आणि वहिनी दर पाच मिनिटांनी "नऊ" म्हणत राहिली. निघालो. पंचवीस मिनिटांनी वहिनीचा आवाज आला, "गेली."

मी तिथेच बोगद्यात लाथ मारली. खडकाला. बुटातली बोटं दोन दिवस ठणकत होती.

त्याच परतीत शिडीची एक पायरी मोजणीदारांच्या पायाखाली मोडली. ते लटकले! एका हातावर सहा फूट माणूस, खाली अंधार! आबांनी त्यांच्या पट्ट्याला हात घातला, मी आबांना धरलं, आणि कसेबसे तिघं वर आलो. घोटा सुजून भोपळा झाला होता. मोजणीदारांनी तोही मोजला.

दिवेखोलीत वहिनीने मला धारेवर धरलं.

"दोन दिवस झाले. रोज सांगतेस आता बोलेल."

"मी काय मुद्दाम करतेय?"

"तू काय करतेस ते मला कळत नाही. मला एवढं कळतं की सोमवारी तो खाली जाणार. पेटी नसती तर त्याने मॅनेजरांशी भांडण तरी केलं असतं. आता म्हणतो, 'ताईने शब्द दिलाय.'"

दादा माझ्याहून मोठा, तरी लहानपणापासून मला ताईच म्हणतो, आणि माझ्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवतो. त्या विश्वासाची मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. शनिवार मी दुरुस्तीच्या खोलीत घालवला. आवाज मध्येच पकडून पुढे ढकलणाऱ्या तीन छोट्या पेट्या तयार केल्या. आहे तीच धड चालत नव्हती, आणखी तिघी जन्माला घालत होते.

रविवारी मोजणीदार सुजलेला पाय स्टुलावर टाकून वहिनीजवळ बसले आणि आत गेलो आबा आणि मी. दादा अकरा माणसं घेऊन सकाळीच खालच्या थरात उतरला होता, उद्यासाठी पंप तपासायला. भिंतीपाशी पोहोचलो तेव्हा पेटी दहा वाजवत होती, आज्ञाधारक पोरीसारखी. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आबांनी रीळ पेटीशेजारच्या खुंटीला अडकवलं होतं. मी पहिली छोटी पेटी खडकाला ठोकायला हातोडी उचलली.

तोच छतातून वाळू गळली.

आबांनी मान वर केली. मग एक खडा पडला, मग दुसरा. आत कुठेतरी लाकूड पिळल्यासारखा आवाज.

"चल," आबा म्हणाले.

"पेट्या..."

"आत्ता चल!"

मी पळाले. आबा मात्र रिळाकडे वळले! सवयीने. खुंटीवरची गाठ सोडायला वाकले. मी मागे फिरले, त्यांचा पट्टा धरला आणि सगळा जीव एकवटून ओढलं. दोघं घसरत वळणापलीकडे पडलो आणि मागे छत कोसळलं. कान बधिर झाले. धुळीने दिवे तांबडे दिसायला लागले. धूळ बसली तेव्हा आमच्या आणि भिंतीच्या मध्ये दगडांचा ढीग होता, बोगद्याच्या अर्ध्या उंचीचा, आणि दोरी त्या ढिगाखाली शिरलेली.

"दोरी आत राहिली," आबा म्हणाले. छातीवर धोंडा पडल्यासारखा चेहरा झाला होता.

"माणसं बाहेर राहिली, आबा. चला."

आम्ही निघालो, जमेल तसं, धडपडत. शिडी चढलो. पाणी ओलांडलं. वीस मिनिटं झाली असतील, तेव्हा कमरेचा हँडसेट खरखरला.

"अगं, आज ती बंद का नाही पडली?"

"कोण?"

"तुझी पेटी. बारीक येतंय, पण वाजतेय. नेहमी तुम्ही निघालात की बंद पडते ना."

मी थबकले. नवीन काही केलं नव्हतं. छोट्या पेट्या दगडाखाली गेल्या होत्या. मग आज काय वेगळं होतं? दिव्याचा झोत पायाशी गेला. तिथे नारिंगी वाटदोरी पडली होती, सरळ, दोन्ही बाजूंना अंधारात गेलेली. आणि आबा, इतक्या वर्षांची सवय, चालता चालता वाकून ती उचलत होते. इथे कापून निदान पुढची तरी हातावर गुंडाळून न्यावी म्हणून.

"हात लावू नका!" मी ओरडले. आबा तसेच वाकलेले राहिले.

एका क्षणात सगळं लख्ख कळलं आणि मला माझीच लाज वाटली. लहर हवेतून येतच नव्हती. मध्यम लहरीला अशा अरुंद बोगद्यात चालायला काही तरी धातू लागतो, पाइप, रूळ, तार, काहीही. ती त्याच्या अंगाला चिकटून चालते. पेटीचा आवाज वाटदोरीवर बसून बाहेर जात होता, आणि आम्ही दररोज बाहेर येताना ती वाट शिस्तीत गुंडाळून, पाठीवर टाकून घेऊन येत होतो! दोन दिवस आम्हीच पेटीचं तोंड दाबलं होतं. आणि ढिगाखाली दोरी नक्कीच तुटली होती, तरी आवाज येत होता, कारण टेलिफोन तुटक्या तारेवर मरतो, लहर मात्र तेवढं अंतर उडी मारून पलीकडच्या टोकाला धरते. यात आनंद मानावा की डोकं आपटावं तेच कळेना.

"वहिनी, किती वाजतायत?"

"मघाशी दहा होते. मग आठ. आता सहा. कमी होतंय, बरंच आहे ना?"

मी हो म्हणणार होते. आबांनी माझा दंड धरला.

"पाणी कमी होतंय? मग ते जातंय कुठे?"

आमच्या बोगद्यात तर थेंब आला नव्हता. छत कोसळलं तेव्हा तळातही काही फाटलं असणार. पाणी खाली चाललं होतं.

"वहिनी! खाली फोन कर. सगळ्यांना वर काढ. आत्ता!"

खरखर. बटण दाबायचं आणि सोडायचं याची वहिनीला कधीच सवय झाली नव्हती. निम्मं वाक्य यायचं, निम्मं गिळलं जायचं. "...वाजतोय... कोणी उचलत..." मग काहीच नाही. मी दोरीवर जवळजवळ झोपले, हँडसेट तिला टेकवून. "...उचलला... मॅनेजरांचा हुकूम आहे का विचारतोय..."

"म्हणावं, ताईने सांगितलंय!"

खरखर. इतका राग मला त्या यंत्राचा आयुष्यात आला नव्हता, आणि ते माझ्या हातचं होतं. मग मोजणीदारांचा आवाज, स्वच्छ आणि सावकाश, "मॅडम, तीन वाजले. टूं तीन. ते निघालेत."

लिफ्टपर्यंत पोहोचले की नाही, त्यापुढचं काही ऐकू आलं नाही. आम्ही उरलेला बोगदा कसा पार केला ते मला सांगता येणार नाही. आबा पुढे, मी मागे, आणि दोघंही दोरीला पायसुद्धा लागू नये म्हणून भिंतीला अंग घासत चाललेलो. शेवटचे चारशे मीटर सरळ होते आणि टोकाला दिवसाचा उजेड होता. मी धावत सुटले.

दिवेखोलीच्या दारात माणसं उभी होती. ओली. कमरेपर्यंत चिखलाने माखलेली. मी मोजायला लागले आणि आकडा चुकला, पुन्हा मोजायला लागले.

"बारा आहेत," मोजणीदार स्टुलावरून म्हणाले. "फोन केल्यापासून पाणी लिफ्टच्या दारापर्यंत पोहोचायला एकोणीस मिनिटं लागली. यांना लिफ्ट गाठायला लागली सोळा."

खालून पाण्याचा आवाज येत होता, लांबून, एकसारखा. खालचा थर गेला होता. पंप गेले, रूळ गेले, वर्षभराचं काम गेलं.

मॅनेजर धापा टाकत आले. माणसं पाहिली, मग माझ्याकडे वळले. "म्हणजे तुमची वायरलेस चालली."

हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण शेजारी आबा उभे होते, रिकाम्या पाठीने.

"नाही चालली, साहेब," मी म्हणाले. "तारेवर चालली. आबांच्या दोरीवर. ती शुक्रवारीच आत राहू दिली असती तर पाणी चढतंय हे तुम्हाला दोन दिवस कळत राहिलं असतं, आणि आज खाली कोणी गेलंच नसतं. माझ्या ते लक्षात आलं नाही."

"गुंडाळत मी होतो," आबा म्हणाले.

"आणि मी तुमची शिस्त कौतुकाने बघत होते."

मॅनेजर वळले आणि पाणी बघायला लिफ्टकडे गेले.

आत वहिनी खिडकीपाशी बसून परत आलेले दिवे घेत होती. माणूस वर आला की दिवा घ्यायचा, त्याच्या नंबराच्या खिळ्याला टांगायचा, वहीत खूण करायची. अकरा दिवे झाले. तिचे हात अगदी रोजच्यासारखे चालले होते. बारावा दादाने पुढे केला.

"घे ना," तो म्हणाला.

तिने दिवा घेतला नाही. त्याचं मनगट धरलं, दिव्यासकट, खिडकीच्या गजांतून. बारावा खिळा बराच वेळ रिकामा राहिला, आणि वहीत खूण करायची राहून गेली ती मोजणीदारांच्याही लक्षात आली नाही.